दमलेला वॉर्ड आणि नवी इन्चार्ज

पत्र: "मी एका जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका होते, आठ महिन्यांपूर्वी परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज, झाले. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. खाटा ४०, पेशंट बहुतेक वेळा ५० च्या वर. स्टाफ सात. सगळ्या सतत दमलेल्या आणि चिडलेल्या. दोघी धावून धावून काम करतात, एक सीनिअर टेबल सोडत नाही, बाकीच्या सांगितलं तेवढंच करतात. पाळी बदलताना पुढच्या स्टाफला ओव्हर देताना, म्हणजे पेशंट आणि सामान सोपवताना, रोज वाद. ड्यूटी लावली की पक्षपाताचा आरोप. मी वाढदिवस साजरे केले, ग्रुपवर सुविचार टाकले, मीटिंगा घेतल्या, ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं टीम स्पिरिट समजावून सांगितलं. दोन दिवस बरे जातात, पुन्हा तेच. मी स्वतः सुटायच्या वेळेनंतर दोन-अडीच तासांनी घरी निघते. माझ्यात माणसं सोबत घेऊन जायची कुवतच नाही का? यांच्यात उत्साह आणायचा तरी कसा?"
— एक परिसेविका

ताई,

सुविचार आजपासून बंद करा. बारा तासांची नाईट करून गेलेली बाई घरचं आवरून जेमतेम पाठ टेकते, तेवढ्यात फोन वाजतो आणि त्यात उगवता सूर्य आणि 'हसत राहा'. मीही चिडले असते. वाढदिवसाचा केक चालू द्या, फक्त त्यासाठी नाईट ऑफवर असलेलीला बोलावू नका.

आता मुद्द्याचं. पत्रात सगळ्यांबद्दल तक्रार आहे, पण सातांपैकी एकीलाही काम येत नाही असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या लेखी ही मोठी गोष्ट आहे. हात कामाचे आहेत. कामाने माणूस दमतो तेवढा दमणारच. तुमच्या वॉर्डात ती दमणूक कामाच्या आजूबाजूच्या गोष्टींनी दुप्पट झाली आहे. शोधाशोध, उभ्याउभ्या भांडणं, एक काम अर्धवट टाकून दुसरीकडे पळणं, 'हे माझं नाही' यावर होणारी डोकेफोड. पेशंटच्या खाटेपर्यंत पोचायच्या आतच त्यांची निम्मी ताकद संपलेली असते. ती परत कशी भरायची हे नंतर बघू. आधी ती जाते कुठे ते शोधा.

त्याआधी एक हिशेब, कारण तुम्ही सगळा दोष स्वतःच्या पदरात घेऊन बसला आहात. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण तुम्हाला पाठ असेल: शिकाऊ रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, आणि रजा-सुट्ट्यांसाठी तीस टक्के राखीव. चाळीस खाटांना आठ, राखीव धरून दहा-अकरा. तुमच्याकडे सात, आणि पेशंट पन्नासच्या वर. तेव्हा पुढे मी जे काही सांगणार आहे त्याने रिकामी पदं भरणार नाहीत. सात जणींकडून अकरा जणींचं काम हसतखेळत करून घेण्याची युक्ती कोणी ट्रेनिंगमध्ये शिकवत असेल, तर त्याला आधी एक नाईट तुमच्या वॉर्डात करायला सांगा. पण सात जणी आहेत त्या सात जणींइतक्या तरी पेशंटला मिळाव्यात, एवढं तुमच्या हातात आहे.

एक सकाळ काढा. काही सुधारायचं नाही, कोणाला बोलायचं नाही. वही घेऊन बसा आणि स्टाफ हातातलं काम टाकून उठली की कशासाठी उठली ते लिहा. मी सांगते काय सापडेल. स्टोअरची किल्ली एकीच्या खिशात आणि ती राऊंडला. पन्नास पेशंटना बीपीचं धड चालणारं यंत्र एक, ते शेजारच्या वॉर्डात गेलेलं. 'डॉक्टर कधी येणार' विचारणारे नातेवाईक. लॅबचा फोन. 'सिस्टर, फाइल द्या' म्हणून हाक मारणारा इंटर्न, ज्याच्या समोरच फाइल आहे. यातलं बरंचसं नवीन पद न भरता बंद करता येतं. किल्ली ठरलेल्या जागी, फाइल खाटेच्या क्रमाने, नातेवाइकांना भेटायची आणि विचारायची वेळ दारावर मोठ्या अक्षरात.

सगळ्यात आधी हात घालायचा तो औषधांच्या वेळेला. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत औषधं देणाऱ्या परिचारिकांमागे उभं राहून निरीक्षण केलं गेलं होतं. २०१० साली ते प्रसिद्ध झालं. निम्म्याहून जास्त वेळा औषध देताना मध्येच कोणीतरी काहीतरी विचारलं होतं, आणि जितक्यांदा व्यत्यय तितक्या चुका वाढत गेल्या होत्या. तिथे ही गत, तर आपल्याकडे विचारायलाच नको. इंजेक्शनची ट्रॉली निघाली की त्या वेळात फोन, नातेवाईक आणि डॉक्टरांच्या हाका दुसऱ्या कोणीतरी घ्यायच्या. सकाळी ते कोणीतरी म्हणजे तुम्ही. आणि युनिटच्या डॉक्टरांशी बोलायचं तेही तुम्हीच: राऊंड औषधांच्या वेळेवर आदळू नये, आणि राऊंडला एकच स्टाफ लिहून घ्यायला सोबत येईल. हे सांगायला संकोच वाटेल. मोठ्या डॉक्टरांना वेळ विचारली तर बहुतेक जण वेळ देतात. आजवर कोणी विचारलेलंच नसतं.

ओव्हरच्या भांडणाबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण माझ्या मते तुमचा अर्धा प्रश्न तिथेच आहे. दुपारची स्टाफ दोनला पाच मिनिटं कमी असताना येते. सकाळच्या दोघी अजून रेकॉर्ड लिहीत असतात. मग एक नंबरच्या खाटेपासून सुरुवात. 'सलाईन चालू, पेशंट बरा. सलाईन चालू, पेशंट बरा.' विसाव्या खाटेपर्यंत देणारी घाईत आणि घेणारीचं लक्ष दुसरीकडे. आणि मग एकेचाळिसावा, जमिनीवर गादी टाकलेला, ज्याची लघवी सकाळपासून झालेली नाही, तो कोणाच्याच लक्षात राहत नाही. त्यात मध्येच कात्री मोजायची, थर्मामीटर मोजायचे, एक कमी भरलं की पेशंट राहिले बाजूला आणि भांडण सुरू.

तेव्हा पहिली गोष्ट, सामानाची मोजणी आणि पेशंटची ओव्हर वेगळी करा. मोजणी ट्रॉलीपाशी, सही करून, पाच मिनिटांत. दुसरी गोष्ट, क्रमांकाने जाऊ नका. जे आठ-दहा खरोखर गंभीर आहेत त्यांच्या खाटेपाशी दोघींनी उभं राहून बोलायचं, बाकीच्यांचं कागदावर. बोलायचं तेही चारच गोष्टींत: आत्ता काय चाललंय, आधी काय झालं, मला काय वाटतं, तू काय करायचंस. तुम्ही एसबीएआर या नावाने हे शिकला असाल. मूळ अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरचं. तिथून कैझर पर्मनंटे या अमेरिकन आरोग्यसंस्थेच्या रुग्णालयांनी घेतलं आणि मग जगभर पसरलं. आपल्याकडे त्याचे छापील फॉर्म आले आणि भरायचं आणखी एक काम वाढलं. फॉर्म सोडून द्या. पण त्या चारांतली तिसरी, 'मला काय वाटतं', ती मात्र सोडू नका. सरकारी वॉर्डात ज्युनिअर स्टाफला तिला काय वाटतं हे सहसा कोणी विचारत नाही. विचारा, आणि ती किती सरळ उभी राहते ते बघा.

आणि राहिलेल्या कामाचा एक रकाना ठेवा. 'तीन ड्रेसिंग राहिली, सतराची कॅथेटर बॅग रिकामी करायची राहिली.' हे सांगणं म्हणजे कबुलीजबाब देणं नव्हे, हे तुम्ही तोंडाने, सगळ्यांसमोर म्हणायला हवं. आत्ता तुमच्या वॉर्डात राहिलेलं काम लपवलं जातं, मग पुढच्या पाळीला सापडतं, मग 'त्यांनी मुद्दाम टाकलं' होतं. एवढं काम तर न कुरकुरता घ्यायचंच, अशी मर्यादा सात जणींनी मिळून ठरवा. रोज एकाच पाळीकडून रोज तेच राहत असेल, तर ते त्या बाईचं नाही, त्या पाळीच्या आखणीचं दुखणं असण्याची शक्यता जास्त.

लपवण्यावरून आठवलं. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांमधली आठ युनिटं घेऊन औषधांच्या चुका तपासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील असा अंदाज होता. आकडे उलटे आले. जिथे टीम चांगली, तिथे चुकांच्या नोंदी जास्त. कारण तिथे इन्चार्जला जाऊन 'माझ्याकडून असं झालं' म्हणण्याची सोय होती. बाकीच्या ठिकाणी नोंदवह्या स्वच्छ आणि तोंडं बंद. तुमच्या ग्रुपवर 'काल नाईटला कोणी असं केलं' असे मेसेज पडत असतील तर ते थांबवा. चूक एकीशी, एकांतात, बसून बोलायची. ग्रुपवर फक्त ड्यूटी.

तुमच्याकडे कामाची वाटणी कशी आहे ते पत्रात नाही, पण बहुतेक सरकारी वॉर्डांसारखीच असणार: एकीने सगळी इंजेक्शनं, एकीने बीपी आणि टीपीआर (ताप, नाडी, श्वास), आणि उरलेलं सगळ्यांनी मिळून. हे 'सगळ्यांनी मिळून' फार फसवं असतं. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला होता, १९१३ साली ते छापून आलं. आठ जणांनी मिळून ओढलं तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना लागतो त्याच्या जवळपास निम्म्यावर आला. माणसं आळशी होती म्हणून नव्हे. काही जोर एकत्र ओढण्याच्या गोंधळात गेला, काही 'बाकीचे आहेत की' या भावनेत. सकाळी दोघी असतात तेव्हा खाटा वाटून द्या. एक ते वीस एकीच्या, पुढच्या दुसरीच्या, आणि जमिनीवरचे पेशंट आलटूनपालटून, नाहीतर ते कोणाचेच राहत नाहीत. गंभीर पेशंट बघून वाटणी थोडी इकडेतिकडे करावी लागेल. पेशंट उचलायचा, कूस बदलायची, तेव्हा दुसरीने यायचंच. पण त्या वीस जणांची नावं, तक्रारी, नातेवाईक एकीचे. पहिले काही दिवस वेळ जास्त लागेल. दुपारी आणि रात्री एकटीच असते, तिथे हा प्रश्न येत नाही.

रात्रीचं थोडक्यात सांगते. पहाटे चारच्या आसपास माणसाच्या शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि डोकं सगळ्यात मंद. आणि आपण नेमकं काय करतो? रक्त गोळा करणं, सहाची इंजेक्शनं, इन्शुलिन, नाईट रिपोर्ट, सेन्सस म्हणजे पेशंटची रोजची मोजणी, सगळं चार ते सात. रिपोर्टचा जेवढा भाग अकरा-बाराला लिहून ठेवता येतो तेवढा तेव्हाच लिहायला सांगा. पहाटे फक्त बदल लिहायचे. इन्शुलिन आणि पोटॅशियमसारखं जे चुकलं तर परत घेता येत नाही, ते शेजारच्या वॉर्डातल्या स्टाफला दाखवूनच द्यायचं, दोघींनी एकमेकींसाठी. ड्यूटी लावताना मॉर्निंग, मग इव्हनिंग, मग नाईट असा क्रम ठेवा, उलटा नको. शरीराचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित मोठं असतं, त्यामुळे पुढे सरकणं त्याला झेपतं, मागे येणं जड जातं.

पक्षपाताचा आरोप मात्र तुम्ही भाषणाने धुऊ शकणार नाही. तो वहीनेच जाईल. ड्यूटी महिन्याची एकदम लावा आणि भिंतीवर चिकटवा. रिक्वेस्ट वही ठेवा, त्यात आधी लिहिणारीला आधी. आणि सणांची एक वेगळी वही, वर्षानुवर्षं चालणारी: गणपती, दिवाळी, ईद, नाताळ, कोणी कधी ड्यूटी केली. वॉर्डात नाताळवाल्या आणि दिवाळीवाल्या दोन्ही असल्या तर त्या आपसातच बदलून घेतात, तुम्हाला मध्ये पडावंही लागत नाही. गावाहून एसटीने येणारी कोण, लहान मूल कोणाला, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याप्रमाणे सवलत द्या, पण कारणासकट, उघड. गुपचूप दिलेली अर्ध्या तासाची सवलत आख्ख्या वॉर्डाला महागात पडते.

आता त्या दोघी, ज्या धावतात. मला सीनिअरपेक्षा त्यांची जास्त काळजी वाटते. ज्याच्या हाताला शीर पटकन सापडते त्याला प्रत्येक अवघड आयव्हीला हाक जाते, जी नाही म्हणत नाही तिला डबल ड्यूटी लागते. चांगल्या कामाचं बक्षीस म्हणजे आणखी काम. वर्ष-दीड वर्षात यातली एक बदलीचा अर्ज देईल, आणि तेव्हा तुम्हाला आश्चर्य वाटेल. आत्ताच एकीला बाजूला बोलावा आणि विचारा: यातलं कोणतं काम तुझं नाही तरी तुझ्यावर येतं? जे सांगेल ते दुसऱ्या कोणाला शिकवायची जबाबदारी तिच्याकडे द्या, पण शिकवताना हात पाठीमागे बांधून उभं राहायचं ही अट. शिकणारीने दोनदा टोचलं तरी हिने सुई हातात घ्यायची नाही. तिसऱ्यांदा टोचायची वेळ येऊ द्यायची नाही, पेशंट माणूस आहे. आणि त्या दोघींना लागोपाठ जड पाळ्या लावू नका. मला माहीत आहे, त्या असल्या की तुम्हाला शांत झोप लागते. म्हणूनच सांगते.

सीनिअर बाईंबद्दल तुम्ही 'टेबल सोडत नाही' एवढंच लिहिलंत. त्यांचं वय काय, गुडघे कसे आहेत, आठ महिन्यांपूर्वी तुमच्या जागेवर त्यांचा नंबर लागणार होता का, यातलं काही लिहिलं नाहीत. शेवटचा प्रश्न जरा खोचक आहे, पण विचारून घ्या स्वतःला. कालपर्यंत शेजारी उभी राहणारी मुलगी आज आपली इन्चार्ज, हे गिळायला वेळ लागतो. त्यांना समोर बसवून चहा द्या आणि सरळ विचारा: काय जमतं, काय जमत नाही. उत्तर काहीही आलं तरी त्यांच्याकडे एक आख्खं काम सोपवा, तुकडा नको. इमर्जन्सी ट्रॉली म्हणा, स्टोअरकडे सामान मागवायचं इंडेंट म्हणा, कायाकल्प या सरकारी स्वच्छता-योजनेच्या तपासणीची सगळी तयारी म्हणा, जिच्या फायली बघून तुमचं डोकं भणभणतं. त्यात तुम्ही ढवळाढवळ करायची नाही. मात्र त्या बदल्यात पेशंटपासून पूर्ण सूट नाही; त्यांच्याही खाटा ठरलेल्या, हव्या तर कमी. आणि हे सातांसमोर जाहीर. एवढं करूनही त्या हलल्या नाहीत तर मग ते शिस्तीचं प्रकरण, लेखी, सहायक अधिसेविकांमार्फत, म्हणजे असिस्टंट मेट्रनमार्फत. त्यात तुमच्या मनाच्या मोठेपणाचा प्रश्न येत नाही.

तुम्ही स्वतः उशिरापर्यंत काय करत बसता? माझा अंदाज, इतरांची रजिस्टरं दुरुस्त करता. म्हणजे त्यांना कळलंय की अर्धवट लिहिलं तरी चालतं, ताई बघतात. आठवड्यातले दोन दिवस ठरवा, त्या दिवशी वेळेवर उठायचं. चूक राहिलेलं रजिस्टर दुसऱ्या दिवशी जिचं तिच्यासमोर ठेवायचं, दुरुस्त तिनेच करायचं. इन्चार्ज वेळेवर घरी गेली तर बाकीच्यांनाही वेळेवर जायची चोरी वाटत नाही. आणि घरी गेल्यावर ग्रुप बघायचा नाही. वॉर्डला आग लागली तर फोन येईल.

हे सगळं एकदम सुरू करू नका. ओव्हर आणि औषधांची वेळ, या दोनच गोष्टी आधी. मीटिंग घ्यायची तर उभ्याने, ओव्हरच्या आधी, आणि एकच प्रश्न: काल कोणत्या गोष्टीने सगळ्यात जास्त डोकं उठवलं? आलेल्या उत्तरांपैकी एक गोष्ट त्याच आठवड्यात खरोखर बदललेली दिसली पाहिजे. बदलता येत नसेल तर 'हे माझ्या हातात नाही' असं स्पष्ट सांगा. तेवढंही कोणी सांगत नाही हो.

आणि जे तुमच्या हातात नाही, त्यासाठी रोज एक ओळ लिहा: तारीख, पेशंट किती, जमिनीवर किती, प्रत्येक पाळीला स्टाफ किती. लिहायला एक मिनिट लागतं, आकडे सेन्ससमध्ये आहेतच. महिनाअखेर ते एका पानावर उतरवा, खाली परिचर्या परिषदेचं प्रमाण आणि तुमची मंजूर, भरलेली, रिक्त पदं. रडगाणं नको, विशेषणं नकोत. अधिसेविकांना द्या, त्यांच्यामार्फत जिल्हा शल्यचिकित्सकांना. पहिल्या महिन्यात काही होणार नाही. दर महिन्याला द्या. उद्या रात्री एकट्या स्टाफच्या हातून काही घडलं आणि चौकशी लागली, तर तिच्या बाजूने बोलणारा कागद तोच असेल. म्हणून आवक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.